विमानात वेगळा वास आला, तर?

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे: उडत्या विमानात वेगळा वास किंवा धूर जाणवला तर विमानातले कर्मचारी नेमकं काय करतात, आणि प्रवाशानं काय करावं. उत्तरं दोघांनी मिळून लिहिली आहेत. एक एअरबस ३२० जातीच्या विमानांचे प्रशिक्षक वैमानिक आहेत, दुसऱ्या केबिन क्रूला सुरक्षा प्रशिक्षण देतात.

प्रश्न: दिल्लीहून पुण्याला येताना विमान खाली यायला लागलं आणि न धुतलेल्या मोज्यांसारखा कुबट वास पसरला. पाचेक मिनिटांत गेलाही. एअर होस्टेसला विचारलं तर म्हणाली, "एसीचा आहे." खरंच तसं असतं का?
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर: वास एसीतून आला हे खरं, पण तो एसीचाच होता असं नाही. बहुतेक प्रवासी जेट विमानांत केबिनची ताजी हवा इंजिनातून येते. इंजिनाच्या पुढच्या भागातला कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतो. तिच्यात इंधन मिसळण्याच्या आधीच थोडी हवा बाजूला काढून घेतात. ही हवा खूप तापलेली असते, म्हणून ती विमानाच्या पोटातल्या दोन 'पॅक'मधून थंड करून घेतात, केबिनमधल्याच गाळलेल्या हवेत साधारण निम्मी-निम्मी मिसळतात आणि छताजवळच्या फटींतून आत सोडतात. तुमच्या पायाशी, भिंतीलगत जी जाळी दिसते तिथून ती बाहेर जाते. दोन-तीन मिनिटांत केबिनची सगळी हवा बदलते. म्हणून वास येण्याचं मूळ थांबलं की वासही लवकर जातो.

मोज्यांसारखा, ओल्या कुत्र्यासारखा किंवा जुन्या चीजसारखा वास आला की आमचा पहिला संशय इंजिन ऑइलवर जातो. कॉम्प्रेसरचा फिरता दांडा ज्या बेअरिंगवर असतो तिथे तेल असतं. ते तेल हवेच्या वाटेत येऊ नये म्हणून सील असतात, आणि हे सील हवेच्या दाबावरच नीट बसतात. वैमानिक खाली येण्यासाठी इंजिनांची ताकद एकदम कमी करतो तेव्हा तो दाब क्षणभर बदलतो. सील झिजलेलं असेल, किंवा जमिनीवर तेल प्रमाणापेक्षा जास्त भरलं गेलं असेल, तर तेवढ्या वेळात थोडं तेल गरम हवेत जातं. म्हणूनच हा वास इंजिन सुरू करताना, उड्डाणाच्या वेळी आणि उतरणीच्या सुरुवातीला जास्त आढळतो. तुम्हाला तो नेमका उतरणीच्या सुरुवातीलाच आला, हा तपशील महत्त्वाचा आहे.

केबिनच्या हवेला हेपा फिल्टर असतात, ते विषाणू आणि धुळीचे कण फार चांगले अडवतात. पण वाफ आणि वायू त्यांतून आरपार जातात. शिवाय हे फिल्टर केबिनमधून परत फिरवलेल्या हवेला असतात, इंजिनातून येणाऱ्या हवेला नव्हे. बोइंग ७८७ याला अपवाद आहे. त्यात केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेच्या वेगळ्या कॉम्प्रेसरनं दाबतात.

"एसीचा आहे" हे उत्तर आम्हाला पटत नाही. असा वास आला की क्रूनं तो कॉकपिटला कळवायलाच हवा, मग तो दोन मिनिटांत गेला तरी. पुढच्या वेळी तुम्ही "कॅप्टनना कळवाल का?" असं सरळ विचारा. त्यात आगाऊपणा नाही.

प्रश्न: मी विमाननगरला केबिन क्रूचा कोर्स करते आहे. पुस्तकात "सोर्स शोधा, कॅप्टनला कळवा" एवढंच दिलंय. प्रत्यक्षात कुठून सुरुवात करायची?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: सुरुवात घड्याळापासून कर. वास पहिल्यांदा जाणवला ती वेळ मनात नोंदव. याचं कारण असं की कोणताही वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाकाला तो जाणवेनासा होतो. वास गेला की आपलं नाक सरावलं, हे आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून दुसऱ्या टोकाला असलेल्या सहकाऱ्याला बोलवायचं आणि तिला आधी काहीही न सांगता विचारायचं, "तुला काही वास येतोय का?" तिला आधीच "ऑइलसारखा येतोय ना?" असं विचारलंस तर तिलाही ऑइलचाच येईल.

मग इंटरकॉम. पूर्ण शोध होईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या मिनिटात जेवढं माहीत आहे तेवढं कॉकपिटला सांगायचं आणि मग शोधायला लागायचं. सांगताना कुठे, कसा, किती, कधीपासून हा क्रम ठेव. "मागे काहीतरी वास येतोय" यातून वैमानिकाला काही हाती लागत नाही. "ओळ २२ ते २५, उजवीकडे, जळकी वायर, मध्यम, दोन मिनिटं झाली, धूर दिसत नाही" एवढं ऐकलं की कोणत्या चेकलिस्टकडे जायचं ते त्यांना कळतं. धूर असेल तर रंग आणि दाटपणाही सांगायचा, आणि तो कुठून निघतोय तेही: छतातून, पायाजवळच्या जाळीतून की सीटच्या खालून.

कोणता वास कशाकडे बोट दाखवतो, याची ढोबळ ओळख पाठच असू दे. कुबट मोजे म्हणजे इंजिन ऑइल. उग्र, डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा तेलकट वास बहुधा हायड्रॉलिक ऑइलचा. जळकं प्लास्टिक किंवा रबर म्हणजे वीज: वायर, दिवा, सीटमधलं चार्जिंग, स्क्रीन. गोडसर वासाच्या दोन शक्यता. विमान थंड देशातून निघालं असेल आणि पंखांवर बर्फरोधक द्रव फवारला असेल तर तो. पण भारतातल्या भारतात उडताना गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर आधी लिथियम बॅटरी शोध. रॉकेलचा वास जमिनीवर बहुतेकदा पुढच्या विमानाच्या धुराचा असतो; हवेत आला तर तो वेगळा विषय आहे. जळक्या मांसासारखा वास उड्डाणानंतर लगेच आला तर इंजिनात पक्षी गेला असण्याची शक्यता असते, आणि लोहगावसारख्या विमानतळावर ती अजिबात दुर्मिळ नाही. उतरताना खाली कुणी कचरा किंवा शेतातला पालापाचोळा पेटवला असेल तर तो धूरही विमानात येतो, पण तो विमान पुढे सरकलं की कमी होतो. करपट, तुपकट वास म्हणजे जवळजवळ नेहमी ओव्हन.

ओव्हनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण खरोखर सर्वांत जास्त वेळा तोच असतो. जेवणाच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसतं, ग्रेव्ही सांडते, तळाशी करपते. कधी आत कागद किंवा प्लास्टिकची पिशवी राहिलेली असते. ओव्हन बंद करायचा, गॅलीतून (विमानातल्या स्वयंपाकघरातून) त्याची वीज तोडायची आणि दार बंदच ठेवायचं. काय झालंय ते बघायला दार उघडलंस तर आतल्या धुमसणाऱ्या कागदाला हवा मिळते आणि ज्वाळ होते. धूर वाढत असेल तरच दार बोटभर उघडून हॅलॉनचा (आग विझवणाऱ्या वायूचा) फवारा मारायचा आणि पुन्हा घट्ट बंद. सर्किट ब्रेकर आपोआप उडाला असेल तर तो पुन्हा आत दाबायचा नाही. तो ज्या दोषामुळे उडाला, तो दोष अजून तिथेच आहे.

शोधताना टॉयलेट पहिलं. दाराला हाताची मागची बाजू लावून बघायची: आधी खाली, मग वर, मग कडीजवळ. तळव्यापेक्षा मागच्या बाजूला उष्णता लवकर कळते, आणि भाजलंच तर तळवा शाबूत राहतो. दार गरम असेल तर ताडकन उघडायचं नाही. हॅलॉनच्या बाटलीचं नाक आत जाईल एवढीच फट करायची, फवारा मारायचा, बंद करायचं. दार थंड असेल तर आत जाऊन कचऱ्याचा डबा बघायचा. त्या डब्यात आपोआप सुटणारी छोटी अग्निशामक बाटली असते, पण ती सुटली म्हणजे आग विझली असं गृहीत धरायचं नाही. मग गॅली, वरचे कप्पे, सीटखालचे चार्जिंगचे डबे आणि शेवटी भिंती व छताचे पॅनल. पॅनलवरून हात फिरवत जायचं. एखादी जागा शेजारच्यापेक्षा गरम लागली तर तीच जागा. भिंतीमागची आग तुला दिसणार नाही. अशा वेळी कॅप्टनच्या परवानगीनं पॅनल फोडून आत फवारा मारावा लागतो.

आगीशी एकटीनं झुंजायचं नाही. ज्याला आग पहिल्यांदा दिसली तो बाटली घेऊन विझवतो. दुसरा तिथेच उभा राहून इंटरकॉमवर कॉकपिटला सतत सांगत राहतो. तिसरा स्मोक हूड (धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर घालायची टोपी), आणखी बाटल्या, हातमोजे आणून देतो आणि प्रवाशांना दूर हलवतो. स्मोक हूड साधारण १५ मिनिटं पुरतो, म्हणून लागेल तेव्हाच घालायचा, पण लागेल तेव्हा उशीर करायचा नाही. केस मोकळे असतील तर गळ्याच्या कडेत अडकतात आणि हूड नीट बसत नाही. धुरात तोंडावर हात धरून पुढे जाणारी क्रू दोन मिनिटांत निकामी होते, मग तिलाच उचलायला दोघं लागतात.

प्रश्न: वर्तमानपत्रात वाचतो, "वास आल्यामुळे विमान वळवलं." नुसत्या वासासाठी दीडशे लोकांना दुसऱ्या गावात उतरवायचं, हे जरा जास्तच होत नाही का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: नाही. हे आम्ही अगदी ठामपणे म्हणतो, आणि त्यामागे किंमत मोजून शिकलेला धडा आहे.

२ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ या विमानाच्या कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. वैमानिकांना आधी तो वातानुकूलनाचा वाटला. त्यांनी हॅलिफॅक्सकडे वळायचं ठरवलं, उतरण्याआधी वजन कमी करण्यासाठी इंधन टाकायची तयारी केली, चेकलिस्ट सुरू केली. आग छताच्या आत, वायरिंग आणि इन्सुलेशनमध्ये पसरत होती, आणि ती त्यांना दिसत नव्हती. पहिल्या वासानंतर साधारण २१ मिनिटांत विमान समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. कॅनडाच्या तपास संस्थेनं असंही नोंदवलं की वैमानिकांनी अजिबात वेळ न घालवता उतरायला सुरुवात केली असती तरी बहुधा ते वेळेत पोहोचले नसते. त्याच संस्थेनं १९६७ ते १९९८ मधल्या १५ आगी तपासल्या. पहिली खूण दिसल्यापासून विमान पडेपर्यंतचा वेळ ५ ते ३५ मिनिटं निघाला.

हे आकडे पुणे–दिल्ली उड्डाणाला लावून बघा. विमान ३५,००० फुटांवर आहे. तिथून घाईनं उतरून धावपट्टीवर थांबायला, विमानतळ जवळ असेल तरी, २० मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे वास कशाचा हे समजेपर्यंत थांबलो तर आगीला दिलेला वेळ आपल्याच वेळातून जातो. म्हणून आता नियम असा: मूळ लगेच सापडून विझलं, आणि ते विझल्याची खात्री झाली, तर प्रवास चालू. नाहीतर शोध चालू असतानाच विमान जवळच्या विमानतळाकडे वळवायचं. मध्य प्रदेशावरून जात असाल तर इंदूर किंवा भोपाळ, पुण्याहून नुकतेच निघाला असाल तर परत लोहगाव किंवा मुंबई. ओव्हनमधली सांडलेली भाजी निघाली तर उत्तमच. तोपर्यंत निम्मं अंतर कापून झालेलं असतं, आणि परत मार्गाला लागता येतं.

कॉकपिटमध्ये पहिलं काम मास्कचं. दोघा वैमानिकांच्या बाजूला एका पेटीत ऑक्सिजन मास्क असतो. त्याचे दोन लाल चिमटे बोटांनी दाबून ओढला की डोक्यावरचे पट्टे हवेनं फुगून ताठ होतात. तो चेहऱ्यावर लावून चिमटे सोडले की पट्टे आवळतात. हे एका हातानं पाच सेकंदांत जमलं पाहिजे. मग बटण १०० टक्के ऑक्सिजनवर, आणि धूर डोळ्यांत जात असेल तर इमर्जन्सीवर; त्यामुळे मास्कच्या आत दाब राहतो आणि फटीतून धूर शिरत नाही. त्यानंतर आवाज मास्कच्या मायक्रोफोनवर घ्यायचा. एकमेकांशी बोलता येतंय हे तपासल्याशिवाय पुढची एकही ओळ वाचायची नाही. मास्कमध्ये श्वासाचा आवाज इतका मोठा येतो की सराव नसेल तर माणूस सहकाऱ्याचं अर्धं बोलणं चुकवतो, म्हणून सिम्युलेटरमध्ये हे पुन्हा पुन्हा करून घेतात.

बरेच वैमानिक मास्क उशिरा लावतात, आणि आम्हाला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. वास सौम्य आहे, बघू, असं म्हणत दहा मिनिटं जातात, आणि डोकं जड होतं तेव्हा ते जड झालंय हे कळायला लागणारं डोकंच जड झालेलं असतं. मास्क लावल्यावर काही नाही निघालं तर काढून ठेवता येतो.

मग चेकलिस्ट. एअरबस ३२० वर केबिनचे फेरहवेचे पंखे बंद करतात, म्हणजे मागचा धूर पुढे फिरत नाही. गॅलीची वीज तोडतात. हवा संशयित असेल तर एक पॅक बंद करून काही मिनिटं थांबतात. वास कमी झाला नाही तर तो चालू करून दुसरा बंद. कॉकपिटला हवा मुख्यत्वे पहिल्या पॅकमधून मिळते, त्यामुळे वास फक्त पुढे आहे की फक्त मागे, हेही एक उत्तर असतं. केबिन क्रूचा तो "ओळ २२ ते २५" वाला निरोप इथे कामाला येतो. मूळ सापडतच नसेल आणि विजेचा संशय पक्का असेल तर शेवटचा उपाय म्हणून बहुतेक वीज तोडून अगदी मोजक्या यंत्रांवर विमान उतरवतात. धूर इतका दाट झाला की काटे दिसेनासे झाले, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी धूर बाहेर काढायचा: १०,००० फुटांपर्यंत खाली यायचं आणि बाहेरची हवा आत घ्यायची.

नियंत्रण कक्षाला "पॅन पॅन" (तातडीचा इशारा) किंवा "मेडे" (जिवावरच्या संकटाची हाक) सांगतात, रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा आकडा लावतात. धावपट्टीवर अग्निशमन गाड्या आधीच उभ्या राहतात. ३२० आणि बोइंग ७३७ मध्ये इंधन हवेत टाकायची सोय नसते, त्यामुळे गरज पडल्यास विमान ठरलेल्यापेक्षा जास्त वजनानं उतरतं. ते चालतं, नंतर त्याची तपासणी करतात. तुम्ही खिडकीतून लाल गाड्या बघाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्या मागवणाऱ्यानं त्याचं काम बरोबर केलंय.

प्रश्न: धूर झाला तर वरून ऑक्सिजन मास्क का सोडत नाहीत? निदान आम्हाला तरी चांगली हवा मिळेल.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: नाही मिळणार. प्रवाशांचा मास्क वैमानिकांच्या मास्कसारखा चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि मुद्दामच केबिनची हवा ऑक्सिजनमध्ये मिसळून देतो. म्हणजे धूरही मिळेल. तो मास्क हवेचा दाब गेला तर श्वास चालू राहावा यासाठी आहे. केबिनमधला दाब साधारण १४,००० फुटांच्या उंचीइतका कमी झाला की तो आपोआप पडतो. बहुतेक विमानांत त्यातला ऑक्सिजन रासायनिक डब्यातून येतो, एकदा सुरू झाला की बंद होत नाही, आणि आग असेल तर तिला तो खाद्य देतो. धूर असेल तर खाली वाका, कापड नाकाशी धरा. कापडानं वायू अडत नाहीत, काजळी थोडी अडते. क्रू ओले टॉवेल देतील ते घ्या.

प्रश्न: जून-जुलैत लोहगावला विमानात बसलं की वरच्या फटींतून पांढरा धूर येतो. मुलं घाबरतात.
– एक पालक, हडपसर

उत्तर: ते धुकं आहे. पावसाळी दमट हवा पॅकमध्ये एकदम थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन ते दिसतं. त्याला वास नसतो, ते फुटाभरात विरतं, आणि हात लावला तर गार लागतं. या तीनपैकी एकही गोष्ट जुळत नसेल तर क्रूला सांगा.

प्रश्न: ऑफिसच्या कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा उडतो. पॉवर बँक पेटली तर क्रू काय करते? आणि आम्ही काय नेऊ शकतो?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर: आधी नेण्याचं. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत कधीही नाही, कारण पोटातल्या मालखान्यात कुणी हात घालू शकत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७४ वॉट-तास होते. २७,००० ला तुम्ही शंभराच्या काठावर असता. आकडा अंगावर छापलेला नसेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील, वाद घालू नका. वरच्या कप्प्यात ठेवू नका. खिशात किंवा पुढच्या सीटच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर असू द्या. फुगलेली बॅटरी घरीच राहू द्या.

पेटली तर क्रू आधी ज्वाळेवर हॅलॉन मारते, पण हॅलॉननं ज्वाळ जाते, आतली उष्णता जात नाही. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि पाचेक मिनिटांनी ती पुन्हा पेटते. म्हणून लगेच पाणी, सरबत, थंड पेय, जे मद्य नाही ते सगळं ओततात. बर्फ लावत नाहीत आणि ब्लँकेट टाकत नाहीत. दोन्हींमुळे उष्णता आतच कोंडते. पेटती बॅटरी उचलून नेत नाहीत. शांत झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाट बघतात, मग ती पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून उतरेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवतात. तुमचं काम: जागा सोडा, बॅग सोडा, क्रूला हाक मारा. बाटलीत पाणी असेल तर द्या.

आणि मोबाईल सीटच्या फटीत घसरला तर सीट मागे-पुढे करू नका. क्रूला बोलवा. सीटच्या सांध्यात चिरडलेला फोन धूर सोडतो तेव्हा तो तुमच्या मांडीखाली असतो.

प्रश्न: मी विमान देखभालीचं शिक्षण घेतो आहे. वासाच्या तक्रारींवर इंजिनिअर "दोष आढळला नाही" असं लिहितात, हे बरोबर आहे का?
– एक विद्यार्थी, पिंपरी

उत्तर: अनेकदा ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, आणि तरी चुकीचं ठरतं. वास उतरणीच्या सुरुवातीला आला. तुम्ही रात्री हँगरमध्ये इंजिन कमी ताकदीवर चालवून हुंगलं. तो वास ज्या अवस्थेत येतो ती अवस्था तिथे निर्माणच झाली नाही. शिवाय लॉगमध्ये फक्त "केबिनमध्ये वास" एवढंच असेल तर एपीयू (विमानाच्या शेपटीतलं छोटं जादा इंजिन) बघायचं, डावं इंजिन की उजवं, हे कसं ठरवणार?

म्हणून नोंद कशी करायची हे वैमानिकांनी शिकायला हवं, आणि इंजिनिअरनं ती नोंद मागून घ्यायला हवी. उड्डाणाचा टप्पा, उंची, त्या क्षणी इंजिनची ताकद वाढत होती की कमी होत होती, हवा कुठून घेतली होती, कोणता पॅक बंद केल्यावर वास कमी झाला, कोणत्या ओळीत जास्त होता, किती मिनिटांनी गेला. एवढं असेल तर तपासणी निम्मी होते. वास जमिनीवर एपीयूवर असतानाच आला आणि इंजिनच्या हवेवर गेल्यावर थांबला, तर एपीयूच्या सीलकडे किंवा तिच्या तोंडाशी गळलेल्या तेलाकडे जा. मागून वारा असेल तर एपीयू स्वतःचाच धूर ओढून घेते, तो दोष नाही, पण तेही नोंदीत असावं.

मग तेलाची पातळी बघा, मागच्या काही दिवसांत किती भरलं ते बघा. जास्त भरणं हे फार साधं आणि फार वेळा आढळणारं कारण आहे. इंजिन नुकतंच धुतलं असेल तर साबणाचा अंश राहू शकतो. हवेच्या नळीच्या आत पांढरा कापूस फिरवून तेलाचा डाग येतो का बघा. कॉम्प्रेसर बोअरस्कोपनं (आत घालायच्या नळीच्या कॅमेऱ्यानं) तपासा. गळती दुरुस्त झाल्यावरही नळ्यांत आणि पॅकमध्ये तेलाचा थर राहतो आणि गरम झाला की पुन्हा वास देतो. म्हणून पॅक जास्त तापमानावर चालवून तो थर जाळून काढतात आणि फेरहवेचे फिल्टर बदलतात. हे न केल्यानं "दुरुस्त केलेल्या" विमानात तिसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार येते.

प्रश्न: आईला दमा आहे आणि पुढच्या महिन्यात तिला नागपूरला न्यायचंय. विमानात असा वास आला तर काय करायचं?
– एक वाचिका, वारजे

उत्तर: इन्हेलर पर्समध्ये किंवा पुढच्या सीटच्या कप्प्यात ठेवा, वरच्या बॅगेत नाही. बेल्टची खूण लागलेली असताना उठून कप्पा उघडता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी गरज लागते. वास आला तर वरचं हवेचं नोझल बंद करून बघा. तिथून जास्त येत असेल तर लगेच कळेल, आणि ते क्रूला सांगा. आईंना त्रास होतोय हे क्रूला स्पष्ट सांगा, त्यांच्याकडे प्रथमोपचाराचा वेगळा ऑक्सिजन सिलिंडर असतो. आग जवळ नसेल तर तो देतात.

उतरल्यावर डोकेदुखी, मळमळ, खोकला, चक्कर, डोळ्यांची जळजळ राहिली तर घरी जाऊन झोपू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धूर किंवा ऑइलच्या वासाचा संशय असेल तर रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करा म्हणून सांगा. साध्या हवेत श्वास घेतानाही चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्मं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीतून काही कळत नाही. डॉक्टरांना उड्डाण क्रमांक, सीट, वास येण्याची वेळ आणि किती वेळ होता ते लिहून द्या. तोच कागद विमान कंपनीला पाठवा आणि पोच घ्या.